गाईच्या नावाची रोटी

गिरिजा आमच्या घरी पहिल्यांदा जेवली ती उभ्यानं. ओट्यापाशी, दाराकडे तोंड करून. ताटली डाव्या हातात आणि घास इतके भराभर की आई म्हणाली, "अगं, ठसका लागेल. बस की खाली." ती बसली नाही. दोन मिनिटांत ताटली रिकामी करून तिनं ती धुऊनही टाकली, ओढणीनं तोंड पुसलं आणि काही झालंच नाही अशी उभी राहिली.

ही सत्त्याण्णव सालातली गोष्ट, ऑक्टोबरातली. मी दिल्लीत एका सरकारी खात्यात होते. मी आणि माझी आई गंगुबाई, दोघी मूळच्या भंडाऱ्याकडच्या, नोएडाच्या एका नव्या सेक्टरात नुकत्याच राहायला आलो होतो. अर्धे फ्लॅट रिकामे होते. रस्त्यांना नंबर मिळाले होते, दिवे अजून मिळायचे होते. सेक्टरची भिंत संपली की लगेच बागोतपूर गाव लागायचं: शेणाच्या गोवऱ्यांचे ढीग, म्हशी, आणि मागे उखडलेल्या शेतांवर उभे राहिलेले विटांचे थर.

गिरिजा मला शनिवारच्या बाजारात भेटली. मी आईला म्हटलं, "मेथी जून आहे, नको घेऊस." शेजारी एक बाई घुंघट घेऊन कांदे निवडत होती. तिचा हात थांबला. घुंघट वर झाला.

"ताई... तुम्ही कुठल्या?"

पाच वर्षांनी ती कुणाशी तरी मराठीत बोलत होती. 'जून' हा शब्द ऐकला आणि अंगावर काटा आला, असं तिनं नंतर सांगितलं. तो शब्द ती पार विसरली होती. पुढच्या आठवड्यापासून ती आमच्याकडे पोळीभाजीला यायला लागली.

तिनं आपली हकीकत मला सलग कधी सांगितली नाही. पोळ्या लाटताना एक तुकडा, भांडी पुसताना दुसरा. मध्येच शब्द सापडला नाही की हिंदीत शिरायची आणि पुन्हा मराठीत यायची. तुकडे जोडून मी सांगते आहे.

ती परभणी जिल्ह्यातली. वडील लवकर गेले, घरात आई आणि चार बहिणी. मामानं ओळखीच्या एका ट्रकवाल्याकडून स्थळ आणलं. दिल्लीजवळचं गाव, स्वतःची शेती, चार म्हशी. हुंडा नको, लग्नही तेच लावून देणार. आई म्हणाली होती, "दूधदुभत्याचं घर आहे, पोरगी पोटभर खाईल." ब्याण्णव साली, अठराव्या वर्षी, गिरिजा बागोतपूरला आली. नवरा ओमबीर तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. वाईट माणूस नव्हता, पण थोरल्या भावासमोर त्याचा आवाज फुटत नसे. गावातल्या बायका तिला गिरिजा म्हणत नसत. 'दक्खनी' म्हणत, आणि भांडण झालं की 'मोल की'. म्हणजे विकत आणलेली.

घरावर राज्य होतं सासूचं. तिचं नाव भतेरी. भतेरी म्हणजे पुष्कळ, आता पुरे. एकामागून एक मुलीच झाल्या की तिकडे शेवटच्या मुलीला असं नाव ठेवतात, देवाला कळावं म्हणून. या भतेरीच्या हातात पीठ, तूप, गूळ, दूध, सगळं होतं. आधी सासरे आणि दोन्ही मुलगे जेवायचे. मग थोरल्या सुनेचे, संतराचे, दोघे मुलगे. मग भतेरी. मग संतरा, कारण ती मुलांची आई. आणि मग, चूल विझत आल्यावर, गिरिजा. दूध पुरुषांना, साय नातवांना, ताक बायकांना, आणि ताकात पाणी घालून उरलेलं गिरिजाला.

"उपाशी नव्हते ठेवत ताई," ती म्हणायची. "रोज मिळायचं. पण रोज कमी मिळायचं. ते कुणाला दाखवायचं कसं?"

चौऱ्याण्णवमध्ये तिला मुलगी झाली. मुलगा झाला की बाळंतिणीला चाळीस दिवस तूप आणि डिंकाचे लाडू, ही तिथली रीत. मुलीला दहा दिवस. गिरिजाला पाच दिवस मिळालं. नाव ठेवायची कुणाला घाई नव्हती, म्हणून तिनं स्वतःच आपल्या आईचं नाव ठेवलं, कुमुद.

पुढच्याच वर्षी पुन्हा दिवस गेले. सहावा महिना होता. डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, जिने नसलेल्या घरातही धाप लागायची. चुलीची भाजलेली माती ती नखानं खरवडून खायची. गावात नर्सबाई यायची. तिनं पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "खाती क्या है?" गिरिजानं तोंड उघडायच्या आधीच भतेरी म्हणाली, "सब खाती है. हमारे घर में दूध-घी की क्या कमी?" नर्सबाईनं गोठ्यातल्या म्हशींकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी गिरिजानं मडक्यातले मूठभर भाजलेले चणे ओढणीत घेतले. दोनच दाणे तोंडात गेले असतील. भतेरी मागे उभी होती.

"मुँह खोल."

अंगणात सासरे होते, दीर सतबीर होता, संतरा होती. ओमबीर खाटेवर बसला होता.

"मुँह खोल, दक्खनी."

तिनं तोंड उघडलं. भतेरीनं बोट घालून जिभेवरचे दोन दाणे बाहेर काढले आणि सगळ्यांना दाखवले. नंतर ते कोंबड्यांपुढे टाकले. ओमबीरनं मान वळवली, उठून बाहेर गेला.

सातव्या महिन्यात बाळ गेलं. मुलगा होता. "ह्या दक्खनीच्या अंगात पोर धरायचं बळच नाही," असं भतेरी महिनाभर आल्यागेल्याला सांगत होती.

हे सांगताना गिरिजाचा आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. लाटणं तेवढं थांबलं होतं.

पुढे सगळं फार वेगानं बदललं. शहाण्णवच्या शेवटी सासरे वारले. पाठोपाठ शेत नव्या वसाहतीसाठी गेलं. शेत गेलं तसा चारा गेला, चारा गेला तशा म्हशी विकल्या. कणग्या रिकाम्या झाल्या आणि दुकानातून पिठाच्या पिशव्या यायला लागल्या. आता पिशवी आणणारा सतबीर, तेव्हा ती उघडणारी संतरा. भतेरीच्या हातात देण्यासारखं काही उरलंच नाही. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात भावांनी चुली वेगळ्या केल्या. अंगण एकच, पण अलीकडच्या दोन खोल्या ओमबीरच्या, पलीकडचं घर सतबीरचं. म्हातारी थोरल्याकडे. तिच्या नावावर जमिनीचा एक तुकडा अजून शिल्लक होता, त्याचे कागद यायचे होते. ज्याच्याकडे म्हातारी, त्याच्याकडे तिचा अंगठा. संतरानं तिची खाट म्हशींच्या रिकाम्या गोठ्यात टाकली.

गिरिजाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूल मिळाली. ओमबीर भावाबरोबर भागीत घेतलेला टेम्पो चालवायचा, बांधकामावर विटा पोचवायचा. गिरिजा आमच्याकडे यायची. कुमुदला दूध मिळायला लागलं होतं. मला वाटलं, आता हिचं बरं चाललंय.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत एक दिवस तिच्या हातच्या पोळ्या खारट झाल्या. आईनं एक तुकडा मोडला आणि म्हणाली, "पोरी, कणकेत मीठ दोनदा घातलंस. काय झालंय?"

गिरिजा म्हणाली, "काही नाही, आजी."

आई वाट पाहत बसून राहिली. ऑफिसला उशीर होत होता, पण मीही थांबले.

तिकडे चुलीवरची पहिली रोटी गाईची असते. ती अंगणाच्या बाहेरच्या बुटक्या भिंतीवर ठेवायची, गाय येऊन खाते. गिरिजाही ठेवायची. चार दिवसांपूर्वी सकाळी एवढं धुकं होतं की अंगणापलीकडचं दार दिसत नव्हतं. रोटी ठेवून ती घरामागच्या विहिरीवर पाणी आणायला गेली, हंडा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. भिंतीपाशी कुणी तरी उकिडवं बसलं होतं. भतेरी. हातात गाईची रोटी. गुरांच्या हौदातल्या पाण्यात ती तुकडा बुडवायची, मऊ करायची आणि गिळायची. तिच्या तोंडात दात उरले नव्हते. संतरा दिवसातून एकदा दोन कोरड्या रोट्या पाठवायची, त्या तिला चावतच नव्हत्या.

"मग?" मी विचारलं.

"मला काय वाटलं सांगू, ताई? बरं वाटलं." तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. "खोटं कशाला बोलू. बरं वाटलं मला. आणि दुसऱ्या दिवशी मी गाईची रोटी ठेवलीच नाही."



"तीन दिवस नाही ठेवली. आज सकाळी ती आली. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. भिंतीवर हात फिरवत फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग परत आली. पुन्हा गेली. कुमुद मला विचारते, 'मम्मी, दादी क्या ढूँढ रही है?' मी तिला आत ओढलं आणि दार लावलं."

मी सरकारी माणूस. मला पटकन सुचलं ते असं, "म्हाताऱ्या माणसांना पेन्शन असते. मी फॉर्म आणून देते, तिचा अंगठा घे आणि..."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. मग तिनं गिरिजाला विचारलं, "राग आहे?"

"आहे."

"असू दे. राग ठेव आणि रोटीही ठेव. मऊ करून ठेव, दात नाहीत म्हणतेस."

"आजी, तिनं माझ्या तोंडात बोट घातलं होतं."

"माहीत आहे. तू सांगितलंस ना." आई उठली, खारट पोळ्या एका बाजूला केल्या. "मी तुला माफ कर म्हणत नाही. मला ते सांगायचा अधिकारच नाही."

दुसऱ्या दिवशी गिरिजानं रोटी कुस्करली, गरम वरणात भिजवली आणि वाटी भिंतीवर ठेवली. दाराच्या फटीतून पाहत राहिली. भतेरी आली. हाताला वाटी लागली. ती थबकली, कारण गाईला कुणी वाटीत वाढत नाही. तिनं मान वर करून गिरिजाच्या दाराकडे पाहिलं आणि काही न खाता गोठ्यात परत गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती बराच वेळ उभी राहिली आणि मग वाटी पदराखाली घेऊन गेली. दुपारी वाटी राखेनं घासून, पालथी घालून भिंतीवर ठेवलेली होती.

असे अकरा दिवस गेले. दोघी एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. गिरिजा आमच्याकडे यायची, आई विचारायची, "खाल्लं?" ती म्हणायची, "खाल्लं." एवढंच. पण तिचं लक्ष ठिकाणावर नसायचं, दाराची कडी वाजली तरी दचकायची. कारण वाटी कुणाच्या नजरेस पडली तर काय होईल हे तिला माहीत होतं. सुनेनं सासूला खाऊ घातलं तर पुण्य. पण धाकट्या सुनेनं चोरून खाऊ घातलं, याचा अर्थ थोरला आईला उपाशी ठेवतो. हा अर्थ गावात फुटणं सतबीरला परवडणारं नव्हतं. कागद यायचे होते.

बाराव्या दिवशी संतरानं वाटी पाहिली.

रविवार होता. ऊन पडलं होतं म्हणून अंगणात खाटा टाकल्या होत्या. सतबीर बाहेरून आला तोच ओरडत. शेजारचे दोन-तीन पुरुष मागून आले, गावात सगळे मानायचे ते म्हातारे ताऊही काठी टेकत आले. बायका गच्च्यांवर जमल्या. सतबीरनं ती वाटी अंगणाच्या मधोमध आपटली.

"कौन कहता है मेरी माँ भूखी है?"

ओमबीर टेम्पो पुसत होता. हातातलं फडकं तसंच राहिलं. गिरिजा चुलीपाशी होती, घुंघट ओढून. कुमुद तिच्या पायांना बिलगली होती.

सतबीर गोठ्यात गेला आणि आईला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. खाटेवर बसवलं. "पूछ लो इसी से. सबके सामने पूछ लो. माँ, बोल. मेरे घर में तुझे रोटी नहीं मिलती?"

भतेरी ऊन डोळ्यांवर आल्यासारखी चाचपडली. मग म्हणाली, "मिले है."

"ज़ोर से बोल."

"मिले है. सब मिले है. मेरा बेटा सब देवे है."

सतबीरनं चारी बाजूंना पाहिलं. संतरा गच्चीकडे बघून म्हणाली, "सुन लिया?" मग तो ओमबीरकडे वळला. "अपनी औरत को समझा ले. मोल की है, मोल की तरह रख. आगे से इस भीत पर इसकी कटोरी दिखी तो टेम्पो की चाबी इधर रख देना."

ओमबीरनं मान खाली घातली.

गिरिजा उठली आणि आत गेली. सगळ्यांना वाटलं, संपलं. ताऊ काठी सावरून उठायला लागले. गच्चीवरची एक बाई हसली.

"आत गेल्यावर मी पातेल्याचं झाकण काढलं, ताई," गिरिजा मला म्हणाली. "पातेल्यात आम्हा तिघांची खिचडी होती. मऊ, आपल्याकडची. मी ती सगळी ताटात काढली. वर तूप घातलं. म्हटलं, आता मारतील तर मारतील."

ती ताट घेऊन बाहेर आली. घुंघट तसाच. अंगण ओलांडून गेली आणि ताट भतेरीच्या पुढ्यात खाटेवर ठेवलं.

"अम्मा, खा ले."

"हाथ मत लगाना, माँ," सतबीर म्हणाला.

भतेरीचे हात मांडीवर होते. तुपाचा वास तिच्यापर्यंत पोचला असावा. एक हात उचलला गेला, मागे आला, पुन्हा उचलला गेला. तिनं पहिला घास तोंडात घातला. मग दुसरा. मग ती थांबलीच नाही. डाव्या हातानं तिनं ताट ओढून मांडीवर घेतलं आणि त्याभोवती दंडाचं कुंपण केलं, कुणी हिसकावून घेईल म्हणून. हनुवटीवरून शितं खाली पडत होती, ती वेचून पुन्हा तोंडात घालत होती. सतबीर "माँ, बस कर" म्हणाला. मग "माँ" एवढंच म्हणाला. तिला ऐकूच येत नव्हतं. अंगणात इतकी माणसं होती आणि फक्त तिच्या खाण्याचा आवाज येत होता.

ताट बोटानं निपटून झाल्यावर तिनं मान वर केली. समोर कोण उभं आहे हे तिला नीट दिसत नसावं.

"और है?" तिनं विचारलं.

गच्चीवरच्या बायका एकेक करून आत गेल्या. ताऊ जमिनीकडे पाहत होते. नंतर त्यांनी काठी उचलली. "सतबीर," ते म्हणाले, "बुढ़िया की खाट उधर डाल दे." आणि मागे न पाहता निघून गेले.

सतबीर हलला नाही. संतराही नाही. शेवटी ओमबीरनं फडकं खाली टाकलं, गोठ्यात गेला, खाट डोक्यावर घेतली आणि अंगण ओलांडून आपल्या दारात आणून ठेवली. सहा वर्षांत भावाच्या मनाविरुद्ध त्यानं केलेली ती पहिली गोष्ट.

त्या दिवशी तुम्ही तिघांनी काय खाल्लं, असं माझ्या आईनं तिला नंतर विचारलं. गिरिजा क्षणभर आठवत राहिली. "काही नाही. पीठ होतं, पण मळायचं सुचलंच नाही."

याची किंमत पडली. संध्याकाळपर्यंत टेम्पोची किल्ली गेली. आठ दिवसांत अंगणाच्या मध्ये विटांची भिंत उभी राहिली, विहिरीचा पंप पलीकडे गेला. कागद आले तेव्हा सतबीरनं आईला देवदर्शनाला नेतो म्हणून जीपमध्ये बसवलं आणि अंगठा घेऊन संध्याकाळी आणून सोडलं. तुकडा गेला. ओमबीर चार महिने रिकामा होता. मग आमच्या सेक्टरच्या फाटकावर त्याला वॉचमनची नोकरी लागली. तो माझ्या आईला वाकून नमस्कार करायचा आणि माझ्याशी बोलताना अजूनही मान खाली घालायचा.

भतेरी गिरिजाच्या चुलीवर पावणेचार वर्षं जगली. ती बदलली, असं म्हणण्यासारखं फार काही घडलं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ओमबीर को पहले दे." गिरिजानं चार ताटल्या एकाच वेळी मांडल्या आणि सांगितलं, "इस घर में सब साथ खाएँगे." ओमबीर लाजून दाराकडे तोंड करून बसला. महिनाभर तो तसाच बसायचा.

म्हातारीला रोज अर्धा ग्लास दूध मिळायचं. एकदा गिरिजा अचानक घरी आली तर भतेरी भिंतीशी उभी, ग्लास पलीकडे धरलेला, आणि सतबीरचा थोरला मुलगा, बारा वर्षांचा धडधाकट, ते दूध पीत होता. कुमुद पायरीवर बसून पाहत होती. त्या दिवशी गिरिजा जी कडाडली ती फाटकापर्यंत ऐकू आली. भतेरीला कळेचना की चुकलं काय. "लड़का है," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "लड़का है वो." त्यानंतर गिरिजा तिला आपल्यासमोर बसवून दूध प्यायला लावायची, शेवटच्या थेंबापर्यंत.

म्हातारी गादीखाली रोट्या लपवायची. मुंग्या झाल्या की गिरिजा चिडायची, "अब कौन छीनेगा तुझसे?" भतेरी म्हणायची, "क्या पता." पुढे गिरिजानं गादीखाली पाहणं सोडून दिलं.

"ती कधी काही म्हणाली का गं?" मी एकदा विचारलं. "त्या चण्यांबद्दल. बाळाबद्दल."

"नाही. मी वाट पाहिली. डोक्याला तेल लावताना वाटायचं, आता म्हणेल. एकदा म्हणाली, 'मेरी सास ने तो मुझे चूल्हे के पास बैठने भी ना दिया.' मला वाटलं, आता पुढचं येईल. पण तिला झोप लागली."

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात भतेरी गेली. तेराव्याचं जेवण सतबीरनं घातलं. मांडव पडला, हलवाई आले, सगळ्या गावाला आमंत्रण होतं. शुद्ध तुपातल्या पुऱ्या, दोन भाज्या, बुंदी. 'माँ की आत्मा तृप्त होनी चाहिए,' असं तो प्रत्येकाला हात जोडून सांगत होता. आमच्या फ्लॅटपर्यंत तळणीचा वास येत होता.

त्या दिवशी गिरिजा कामाला आली नाही, ते मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा आई म्हणाली, "जेवण मोठं झालं म्हणे."

"झालं. मी नाही गेले." तिनं परात पुढे ओढली. "हे गेले होते. मुलगाच ना तो पण. डोकं भादरून पहिल्या पंगतीला बसले. मग बघते तर दारात उभे. म्हणाले, 'कुछ बना दे.' मी म्हटलं, तिथं तर सगळं आहे. म्हणाले, 'वो नहीं खाया जाता.' मग मी दलिया केला. तिघं जेवलो."

ती कणीक मळत राहिली. 

मार्चमध्ये ती कुमुदला घेऊन परभणीला गेली. दहा वर्षांत पहिल्यांदा. ओमबीरनं स्वतः निजामुद्दीनला नेऊन गाडीत बसवलं. तिच्या आईनं दारातच तिला पाहून कपाळाला हात लावला. दूधदुभत्याच्या घरी दिलेली पोरगी, मनगटं काडीसारखी. आणि आठ वर्षांची नात, शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला येत होती.

गिरिजानं आईला सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, गाईच्या रोटीचे ते तीन दिवसही सांगितले. आईनं ऐकून घेतलं आणि पंधरा दिवस तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. भाकरी तव्यावरून थेट तिच्या ताटात पडायची.

येताना तिनं पायलीभर ज्वारी आणली. परत आल्यावर पहिल्या रविवारी भाकरी केली, पिठल्याबरोबर. ओमबीरनं एक भाकरी मोडली, बराच वेळ चावली आणि म्हणाला, "अपनी रोटी ही ठीक है."

कुमुदनं तीन खाल्ल्या.